श्रीजेशनंतर कोण, हा प्रश्न जुना झाला. हॉकीत दुसऱ्या गोलकीपरचं नेमकं काय होतं?

भारतीय हॉकी संघाची घोषणा झाली की सोशल मीडियावर दोन वाद हमखास सुरू होतात. पहिला ड्रॅग फ्लिकचा : हरमनप्रीत सिंगशिवाय दुसरा कोण? दुसरा गोलकीपरचा : कृष्ण बहादूर पाठक की सूरज करकेरा? एकानं वाईट गोल खाल्ला की दुसऱ्याला खेळवा, दुसऱ्यानं खाल्ला की श्रीजेशला परत बोलवा. क्रिकेटच्या संघनिवडीवर वाद घालत मोठे झालेले आपण लोक. साहजिकच हॉकीतही त्याच चष्म्यातून बघतो. पण हॉकीचा राखीव गोलकीपर म्हणजे क्रिकेटमधला बारावा खेळाडू नव्हे. मोठ्या स्पर्धांत तर अनेकदा तो संघातच नसतो.

ही गोष्ट बऱ्याच चाहत्यांना माहीत नसते. टोकियो आणि पॅरिस या दोन्ही ऑलिम्पिकमध्ये भारतानं ब्राँझ जिंकलं, आणि दोन्ही वेळा मुख्य यादीत गोलकीपर एकच होता, पी. आर. श्रीजेश. पाठक दोन्ही वेळा राखीव खेळाडूंमध्ये होता. दोन ऑलिम्पिक, दोन पदकं, आणि पदकविजेत्यांच्या नोंदीत त्याचं नाव एकदाही नाही.

सोळा जणांचं गणित

ऑलिम्पिकमध्ये हॉकी संघ १६ खेळाडूंचा असतो. विश्वचषक, आशिया कप अशा स्पर्धांना साधारण १८ जण नेता येतात, त्यामुळे तिथं दोन गोलकीपर सहज मावतात. ऑलिम्पिकमध्ये ते दोन जण कमी होतात आणि सगळा पेच तिथंच आहे. राखीव म्हणून आणखी काही खेळाडू सोबत असतात खरे, पण ते सामन्याच्या यादीत नसतात. त्यांना संघात घ्यायचं तर अधिकृत बदल करावा लागतो. सामना सुरू असताना पॅड बांधून बाकावरून धावत आत येणं त्यांना शक्य नसतं.

आता प्रशिक्षकाच्या जागी बसून बघा. मैदानावर ११ खेळाडू, त्यात एक गोलकीपर. म्हणजे बाकावर ५. हॉकीत खेळाडू कितीही वेळा बदलता येतात. काही मिनिटं जीव तोडून पळायचं, बाहेर यायचं, दम घ्यायचा, पुन्हा आत जायचं. ६० मिनिटांचा खेळ असा चालतो. बाकावरच्या पाचांपैकी एक जण गोलकीपर असेल, तर पळणाऱ्या दहा जणांना विसावा द्यायला चारच उरतात. आणि तो पाचवा माणूस अख्खी स्पर्धा बसून राहण्याची शक्यताच जास्त.

पॅरिसमध्ये भारत २७ जुलै ते ८ ऑगस्ट २०२४ या तेरा दिवसांत आठ सामने खेळला. त्यातल्या ग्रेट ब्रिटनविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यात अमित रोहिदासला सतराव्या मिनिटाला लाल कार्ड मिळालं. उरलेला जवळजवळ पाऊण तास भारत दहा जणांनिशी खेळला, १-१ अशी बरोबरी राखली आणि शूटआऊटमध्ये ४-२ नं जिंकला. त्या कार्डामुळे रोहिदास जर्मनीविरुद्धच्या उपांत्य सामन्यालाही मुकला आणि भारताकडे १५ जण उरले. एक गोलकीपर आणि १४ पळणारे. सोळांत दोन गोलकीपर नेले असते, तर त्या दिवशी पळणारे १३ राहिले असते. “दुसरा गोलकीपर का नेला नाही?” असं विचारणाऱ्यानं हा आकडा डोळ्यांसमोर ठेवावा.

पूर्वी असं नव्हतं. २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकला भारताच्या सोळांत देवेश चौहान आणि मुंबईचा एड्रियन डिसूझा असे दोन गोलकीपर होते. २०१२ ला लंडनमध्ये कर्णधार भरत छेत्री स्वतः गोलकीपर होता आणि तरुण श्रीजेश दुसरा. २०१६ च्या रिओपासून मात्र एकावरच भागवलं जाऊ लागलं. तेव्हा विकास दहिया राखीव होता. खेळाचा वेग वाढला आणि पायांची किंमत वाढली, हे त्याचं साधं कारण.

टोकियोत तर राखीव खेळाडूची किंमत सगळ्या देशानं पाहिली. कोरोनामुळे त्या वेळी नियम सैल केला होता आणि राखीव खेळाडूंनाही सामन्यागणिक सोळांत घेता येत होतं. सिमरनजीत सिंग असाच आत आला आणि जर्मनीविरुद्धच्या ब्राँझच्या सामन्यात त्यानं दोन गोल केले. भारत ५-४ नं जिंकला. म्हणजे राखीव आघाडीवाला एका दुपारीत नायक होऊ शकतो. राखीव गोलकीपरला नायक व्हायचं असेल, तर आधी आपल्याच मित्राला दुखापत व्हावी लागते.

एकुलता एक गोलकीपर जायबंदी झाला तर?

तर नियम सांगतो तेवढंच करता येतं. २०१९ पासून संघासमोर दोनच पर्याय आहेत : पूर्ण साधनांनिशी गोलकीपर, किंवा अकराही साधे मैदानी खेळाडू. त्याआधी एक मधला मार्ग होता. वेगळ्या रंगाचा शर्ट आणि हेल्मेट घालून एखाद्या खेळाडूला गोलकीपरचे अधिकार देता यायचे. तो मार्ग बंद झाला. आता एखाद्या बचावपटूला कुणाचे तरी पॅड चढवून उभं करायचं, नाहीतर गोल मोकळा ठेवायचा. मोकळा ठेवला, तर गोलसमोर उभ्या खेळाडूला फक्त स्टिकनं चेंडू अडवता येतो. गोलकडे जाणारा चेंडू पाय आडवा घालून थांबवला की पेनल्टी स्ट्रोक.

गोलची रुंदी ३.६६ मीटर, उंची २.१४ मीटर. समोरून येणाऱ्या चांगल्या ड्रॅग फ्लिकचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे जातो. हा चेंडू नुसत्या स्टिकनं अडवून बघा म्हणावं.

हॉकीच्या नियमांनाही गोलकीपरचं हे वेगळेपण मान्य आहे. पेनल्टी कॉर्नर दिला गेला की तो पूर्ण होईपर्यंत खेळाडू बदलता येत नाही. या नियमाला अपवाद एकच : बचाव करणाऱ्या संघाचा गोलकीपर जखमी झाला किंवा निलंबित झाला, तर त्याच्या जागी दुसरा येऊ शकतो. अर्थात दुसरा असेल तर.

तो असला की काय होतं, हे २२ जानेवारी २०२३ ला भुवनेश्वरमध्ये दिसलं. विश्वचषकाच्या बाद फेरीआधीच्या सामन्यात भारत आणि न्यूझीलंड ३-३ असे बरोबरीत होते. शूटआऊट सडन डेथपर्यंत गेलं. श्रीजेश एकामागून एक चेंडू अडवत होता आणि त्यातच त्याला दुखापत झाली. उरलेल्या प्रयत्नांसाठी पाठक आत आला. शूटआऊटमध्ये समोरचा खेळाडू २३ मीटरच्या रेषेवरून चेंडू घेऊन निघतो, त्याच्याकडे आठ सेकंद असतात आणि गोलकीपर एकटा असतो. थंड अंगानं बाकावरून उठून थेट तिथं उभं राहायचं. भारत ४-५ असा हरला आणि घरच्या विश्वचषकातून बाहेर पडला. त्या पराभवाचं खापर पाठकवर फोडणं सोपं होतं, पण ३-१ अशी आघाडी मैदानावर गमावली गेली होती.

क्रिकेटशी तुलना इथं कामाला येते, पण उलट्या बाजूनं. १९८७ च्या विश्वचषकाच्या वानखेडेवरील उपांत्य सामन्यात दिलीप वेंगसरकर आजारी पडला, तेव्हा मुंबईचा चंद्रकांत पंडित संघात आला. यष्टींमागे किरण मोरे होताच. पंडित खेळला फलंदाज म्हणून. दुसरा यष्टिरक्षक असा दुसऱ्या कामाला येतो. हॉकीचा दुसरा गोलकीपर दुसऱ्या कुठल्याच कामाला येत नाही.

निदान डिसेंबर २०१७ पर्यंत असंच वाटत होतं. पण ती गोष्ट महाराष्ट्रातल्या दोन मुलांची आहे, म्हणून जरा मागे जाऊन सांगायला हवी.

यवतमाळ आणि मुंबई

भारताच्या गोलचं आणि महाराष्ट्राचं नातं ब्रिटिश काळापासूनचं. १९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिम्पिकमध्ये भारतानं पहिलं सुवर्ण जिंकलं ते एकही गोल न खाता. गोलमध्ये होता रिचर्ड ॲलन, जन्म नागपूरचा. १९३२ ला लॉस एंजेलिसमध्ये ॲलनसोबत आर्थर हिंड हा दुसरा गोलकीपर होता आणि जपानविरुद्ध तोच खेळला. अमेरिकेविरुद्ध भारत २४-१ असा जिंकला. तो एक गोल झाला तेव्हा ॲलन गोल सोडून प्रेक्षकांना सह्या देत होता, अशी कथा सांगितली जाते. खरी असो वा नसो, समोरचा संघ फिरकतच नसेल तर गोलकीपर किती रिकामा असतो हे त्यातून कळतं. १९४८ च्या सुवर्णविजेत्या संघात मुंबईचा लिओ पिंटो होता आणि त्याच्यासोबत मद्रासचा रंगनाथन फ्रान्सिस. त्या काळी सामन्यात बदली खेळाडूला परवानगीच नव्हती, त्यामुळे दुसरा गोलकीपर खेळायचा तो वेगळ्या सामन्यात.

आता थेट २०१६. ऑक्टोबरमध्ये मलेशियातल्या क्वांतान इथं आशियाई चॅम्पियन्स ट्रॉफी होती. उपांत्य सामन्यात दक्षिण कोरियाविरुद्ध शूटआऊटमध्ये श्रीजेशनं शेवटचा फटका अडवून संघाला अंतिम सामन्यात नेलं, पण दुखापतीमुळे तो स्वतः अंतिम सामना खेळू शकला नाही. समोर पाकिस्तान, दिवस दिवाळीचा. गोलमध्ये उभा राहिला यवतमाळचा आकाश चिकटे. भारत ३-२ नं जिंकला.

पुढच्या वर्षी अझलन शाह स्पर्धेत श्रीजेशचा गुडघा गेला. शस्त्रक्रिया झाली आणि तो कित्येक महिने संघाबाहेर राहिला. ऑक्टोबर २०१७ च्या ढाक्यातल्या आशिया कपला भारताचे दोन गोलकीपर होते चिकटे आणि मुंबईचा सूरज करकेरा. दोघेही महाराष्ट्राचे. भारतानं अंतिम सामन्यात मलेशियाला २-१ नं हरवून कप आणला. आपल्याकडे त्याची फारशी चर्चा झाली नाही, हे आपलं दुर्दैव.

त्यानंतर डिसेंबरमध्ये भुवनेश्वरला वर्ल्ड लीगची अंतिम स्पर्धा. उपांत्यपूर्व सामन्यात बेल्जियमविरुद्ध ३-३ अशी बरोबरी झाली आणि शूटआऊटमध्ये चिकटेनं भारताला तारलं. अर्जेंटिनाकडून उपांत्य सामना ०-१ असा हरल्यावर १० डिसेंबरला ब्राँझसाठी जर्मनी समोर आली. जर्मनीचे इतके खेळाडू आजारी आणि जखमी होते की अकरा जण उभे करणं मुश्कील झालं होतं. मग त्यांनी आपला दुसरा गोलकीपर मार्क ॲपल याला साधा शर्ट घालून चक्क आक्रमणात पाठवलं. आणि ॲपलनं गोल केला! भारताच्या गोलमध्ये त्या दिवशी करकेरा होता. म्हणजे एका राखीव गोलकीपरनं दुसऱ्या राखीव गोलकीपरवर गोल मारला. हॉकीत असं पुन्हा होईल असं वाटत नाही. भारत २-१ नं जिंकला आणि त्यात करकेरानं अडवलेल्या चेंडूंचा वाटा मोठा होता.

आता यापुढचं बघा. श्रीजेश बरा होऊन परतला आणि मुख्य जागा पुन्हा त्याची झाली. ते योग्यच होतं. २०१८ मध्ये उत्तेजकविरोधी नियमांखाली आलेल्या बंदीनं चिकटेची वाट खुंटली. गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेला करकेरा श्रीजेशसोबत होता, पण वर्षअखेरीस भुवनेश्वरच्या विश्वचषकाला दुसरी जागा पाठकनं घेतली. एका वर्षात दुसरा गोलकीपर तिसरा झाला. मैदानी खेळाडू तिसऱ्या क्रमांकावर गेला तरी संघात राहतो. गोलकीपर तिसरा झाला की सामान बांधून घरी जातो.

करकेरा तरी टिकून राहिला. २०२१ ची आशियाई चॅम्पियन्स ट्रॉफी, २०२२ चा आशिया कप, मध्ये मध्ये प्रो लीग. श्रीजेश निवृत्त झाल्यावर सप्टेंबर २०२४ मध्ये चीनमधल्या हुलुनबुईर इथं पाठक आणि करकेरा ही जोडी आशियाई चॅम्पियन्स ट्रॉफी जिंकून आली. सप्टेंबर २०२५ मध्ये बिहारच्या राजगीरला कोरियाला ४-१ नं हरवून भारतानं आशिया कप घेतला आणि २०२६ च्या विश्वचषकाचं तिकीट काढलं, तेव्हाही हीच जोडी होती. ढाक्याच्या कपपासून राजगीरच्या कपापर्यंत आठ वर्षं गेली होती.

वाट बघणं हाच सराव

श्रीजेशला परत बोलवा म्हणणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. श्रीजेश श्रीजेश व्हायला बरीच वर्षं लागली. तो भारताकडून पहिल्यांदा खेळला २००६ मध्ये. त्यानंतर कितीतरी वर्षं तो कधी डिसूझाच्या, कधी छेत्रीच्या मागे रांगेत होता. २०१२ च्या ऑलिम्पिकलाही तो दुसराच होता. एकहाती मुख्य गोलकीपर तो त्यानंतर झाला आणि २०२४ ला थांबला तेव्हा ३६ वर्षांचा होता. तीनशेहून अधिक सामने आणि चार ऑलिम्पिक. हॉकी इंडियानं त्याची १६ नंबरची जर्सीही वरिष्ठ संघातून निवृत्त केली.

रांगेतले लोक नेहमी फॉर्ममुळेच पुढेमागे होत नाहीत. जुलै २००९ मध्ये पुण्यात बालेवाडीला भारतीय संघाचं शिबिर सुरू होतं. बलजीत सिंग तेव्हा देशाच्या आघाडीच्या गोलकीपरांपैकी एक. डोळा आणि हात चपळ व्हावेत म्हणून गोल्फच्या चेंडूनं सराव चालला होता. हॉकीच्या चेंडूपेक्षा लहान आणि टणक चेंडू. तो उसळून त्याच्या उजव्या डोळ्यावर बसला. पुण्यात, दिल्लीत, पुढे अमेरिकेत उपचार झाले, पण भारताकडून तो पुन्हा खेळू शकला नाही. संघाला दुसरा आणि तिसरा गोलकीपर तयार लागतो तो अशा दिवसासाठी.

पण तयार करायचा कसा? इथं गोलकीपरची अडचण वेगळी आहे. नवा आघाडीवाला शेवटची दहा मिनिटं खेळवून बघता येतो. गोलकीपरची कसोटी दहा मिनिटांत लागेलच असं नाही. कदाचित एकही चेंडू त्याच्याकडे येणार नाही. शिवाय चेंडू अडवणं हे त्याच्या कामाचं निम्मंच. उरलेलं निम्मं म्हणजे बोलणं. समोरचा खेळाडू कुठं सरकतोय, कुणी कुणाला धरायचं, पेनल्टी कॉर्नरला पहिला धावणारा कुठल्या बाजूनं सुटणार, हे गोलकीपर ओरडून सांगत असतो, कारण सगळं मैदान त्यालाच दिसतं. कॉर्नरच्या वेळी गोलकीपर धरून पाचच जण बचावाला असतात, बाकीचे मध्यरेषेपलीकडे. त्या पाचांना एकमेकांच्या आवाजाची सवय लागते, आणि ती फक्त खरे सामने खेळूनच लागते.

म्हणूनच भारतानं प्रो लीगसारख्या स्पर्धांत दोन गोलकीपरांना आलटून पालटून, कधी तर क्वार्टरागणिक खेळवलं. १५ मिनिटं श्रीजेश, १५ मिनिटं पाठक. चाहत्यांना हे अजिबात आवडत नाही. “लय बिघडते,” हा आक्षेप असतो आणि तो चुकीचा नाही. पण पाठकनं शंभराहून अधिक आंतरराष्ट्रीय सामन्यांचा अनुभव श्रीजेशच्या काळातच गोळा केला, तो या आलटापालटीमुळे. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये त्याला नवखा म्हणायची वेळ आली नाही. थोडी लय गमावून उद्याचा माणूस घडवायचा हा सौदा होता, आणि प्रो लीगमध्ये तो परवडतो. ऑलिम्पिकच्या उपांत्य सामन्यात परवडत नाही. तिथं कुणी करतही नाही.

मग हॉकी इंडिया लीग? २०२४ च्या डिसेंबरमध्ये ती पुन्हा सुरू झाली आणि तरुणांना मोठा मंच मिळाला. पण गोलच्या बाबतीत एक गोम आहे. डेव्हिड हार्ट, व्हिन्सेंट व्हानाश, पिर्मिन ब्लाक अशी जगातली नावाजलेली मंडळी या लीगमध्ये आली. संघमालकाला सामना जिंकायचा असतो, तेव्हा गोलमध्ये व्हानाश उभा राहणार हे उघड आहे. शेजारी बसलेल्या तरुण भारतीय गोलकीपरला त्याच्याकडून शिकायला मिळतं, पण मैदान मिळत नाही. आघाडीला तीन-चार भारतीय मावतात. गोलमध्ये माणूस एकच.

चाहते काय विसरतात

गोलकीपरची चूक फलकावर दिसते. आघाडीवाल्यानं मोकळा गोल सोडला तर “अरेरे” म्हणून आपण पुढे जातो.

याची सगळ्यात कडवट आठवण १९८२ ची. दिल्लीतल्या आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात भारत पाकिस्तानकडून १-७ असा हरला. गोलमध्ये मीररंजन नेगी होते. नेगींवर सामना विकल्याचे आरोप झाले, देशद्रोही म्हटलं गेलं. सात गोल काही एकटा गोलकीपर खात नाही; बचाव फुटल्याशिवाय सात जण त्याच्यासमोर पोचतच नाहीत. पण गर्दीला एक चेहरा हवा होता. मुंबईत कस्टम्समध्ये नोकरी केलेले नेगी पुढे १९९८ च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत भारताचे गोलकीपिंग प्रशिक्षक होते. कर्णधार खडकीचा धनराज पिल्ले. अंतिम सामन्यात कोरियाविरुद्ध पेनल्टी स्ट्रोकवर आशिष बल्लाळनं गोल राखला आणि भारताला ३२ वर्षांनी आशियाई सुवर्ण मिळालं. नेगींचं नाव अनेकांना कळलं ते ‘चक दे इंडिया’ आल्यावर, म्हणजे पंचवीस वर्षांनी.

तेव्हा मोबाईल नव्हते. आज गोल होतो त्या सेकंदाला गोलकीपरचा फोटो आणि त्यावर मजकूर फिरू लागतो. गोल पाहताना एक साधी सवय लावून घेता येईल. रिप्ले दिसला की गोलकीपरकडे बघू नका. त्याच्या आधीचे पाच सेकंद बघा. चेंडू डीमध्ये कुणी आणू दिला? कॉर्नर कुणाच्या पायाला लागून मिळाला? गोलकीपरसमोर आपलाच खेळाडू उभा राहून त्याची नजर झाकत होता का? पाठक की करकेरा या वादाचं उत्तर बऱ्याचदा त्या दोघांच्या पुढे उभ्या असलेल्या चार जणांकडे असतं.

पोखर्णीच्या मुलाला गोलकीपर व्हायचं असेल तर?

परभणी जिल्ह्यातलं पोखर्णी हे गाव ओळखलं जातं ते नृसिंहासाठी. हिरण्यकशिपूला ना घरात, ना बाहेर मरण यायचं होतं, म्हणून नृसिंहानं त्याला उंबरठ्यावर गाठलं. गोलकीपरचं आयुष्यही असंच त्या रेषेवर जातं. चेंडू रेषेच्या पूर्ण पलीकडे गेला तर गोल, नाहीतर नाही.

आता या गावातल्या एखाद्या मुलानं मोबाईलवर श्रीजेशची क्लिप पाहिली आणि शाळेत हॉकीची स्टिक मागितली, असं समजू. स्टिक आणि चेंडू कसाही जमवता येईल. चार दगड मांडले की गोलही होतो. पण गोलकीपरला लागतं हेल्मेट, गळ्याचं आणि छातीचं संरक्षण, कोपरांचे गार्ड, दोन्ही हातांचे जाड फोमचे मोजे, मांड्यांना आणि पोटाखाली संरक्षण देणारी पॅडवाली चड्डी, पायांना पॅड आणि बुटांवर किकर. चांगल्या दर्जाचं सगळं घ्यायचं तर खर्च लाखाच्या घरात जाऊ शकतो आणि वाढत्या वयाच्या मुलाला ते दोन वर्षांत अपुरं पडतं. श्रीजेशच्या शेतकरी वडिलांनी मुलाच्या किटसाठी गाय विकली होती, हे त्यानंच अनेकदा सांगितलं आहे. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला या वाक्याचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको.

दुसरी अडचण मैदानाची. मातीवर चेंडू उसळतो, वेग हरवतो. टर्फवर तो सरपटत, घसरत येतो आणि गोलकीपरला आडवं पडून घसरत जावं लागतं. मातीवर असं घसरलं तर कातडी निघते, म्हणून मुलं ते शिकतच नाहीत. मातीवर तयार झालेला आघाडीवाला टर्फवर काही महिन्यांत रुळतो. गोलकीपरला जवळजवळ पहिल्यापासून शिकावं लागतं.

गावातून वाट नाहीच असं नाही. फलटण तालुक्यातल्या वैष्णवी फाळके आणि अक्षता ढेकळे या मुली पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीतून भारतीय संघापर्यंत पोचल्या. पण त्या मैदानी खेळाडू. शाळेच्या संघात गोलमध्ये कुणाला उभं करतात, हे आठवून बघा : ज्याला पळता येत नाही त्याला, नाहीतर जो सगळ्यात शेवटी आला त्याला. श्रीजेशलाही क्रीडा शाळेत गोलकडे वळवलं गेलं, तेव्हा पळायचा कंटाळा हे एक कारण होतंच. गोलकीपर निवडून घडवायचा असतो हा विचार आपल्याकडे अलीकडचा. हॉकी इंडियानं नेदरलँड्सच्या डेनिस व्हॅन डे पोल यांना बोलावून फक्त गोलकीपरांची वेगळी शिबिरं घ्यायला सुरुवात केली, ती गेल्या काही वर्षांत.

ती शिबिरं आणि ज्युनियर संघावरची मेहनत याचं फळ दिसूही लागलंय. २०२५ च्या डिसेंबरमध्ये तमिळनाडूत झालेल्या ज्युनियर विश्वचषकात भारत आणि बेल्जियम यांचा उपांत्यपूर्व सामना शूटआऊटमध्ये गेला आणि गोलकीपर प्रिन्सदीप सिंगनं तो भारताकडे ओढला. भारतानं पुढे ब्राँझ जिंकलं. त्या संघाचा प्रशिक्षक होता श्रीजेश.

२०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकच्या वेळी पाठक ३१ वर्षांचा असेल आणि करकेरा ३२. गोलकीपरसाठी हे वय काहीच नाही. श्रीजेश पॅरिसला त्याहून चार-पाच वर्षांनी मोठा होता. म्हणजे दोघंही तोवर टिकू शकतात आणि मागून प्रिन्सदीपसारखी पोरं येतायत. तीन-चार जण, आणि भारतानं सध्याचाच हिशोब धरला तर सोळांतली जागा एक.